जॅझच्या तळघरात रुजलेले रॉक अँड रोल : लिव्हरपूल, १९५६ ते १९६३

मंद्रसप्तक (धागालेखक)

लिव्हरपूल म्हटले की बीटल्स आणि बीटल्स म्हटले की मॅथ्यू स्ट्रीटवरचा कॅव्हर्न क्लब, हे समीकरण पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या मराठी रसिकांनाही पाठ असते. मात्र हा क्लब मुळात जॅझसाठी काढलेला होता, त्याच्या नेहमीच्या श्रोत्यांना रॉक अँड रोलचा मनस्वी तिटकारा होता आणि पहिली तीन वर्षे ते तिथे वाजवणाऱ्यांची धडगत नसे, या बाजूविषयी आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. रॉक अँड रोल आले आणि त्याने जॅझला हुसकावून लावले, असे सरसकट सांगितले जाते. मला ते अर्धवट वाटते. लिव्हरपूलमध्ये रॉक अँड रोल वाढले ते जॅझच्याच छपराखाली, जॅझच्या मंडळींनी उभ्या केलेल्या व्यवस्थेत, मध्यंतराच्या आणि दुपारच्या सुटीच्या मोकळ्या वेळांत. या धाग्यात मुख्यतः त्या जागांविषयी, त्या जागा चालवणाऱ्यांविषयी आणि तिथे झालेल्या कार्यक्रमांविषयी चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

सुरुवात कामगार संघटनेच्या एका जुन्या वादापासून करावी लागते. १९३५ पासून अमेरिकी वाद्यवृंदांना ब्रिटनमध्ये कार्यक्रम करणे जवळजवळ अशक्य झाले होते. आमच्या वादकांना अमेरिकेत काम मिळत नसेल, तर त्यांच्या वादकांना इथे का मिळावे, असा ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनचा सवाल होता आणि परवाने देणारे कामगार खाते याबाबतीत युनियनच्या बाजूने उभे राहत असे. एखादा कलावंत ‘व्हरायटी’च्या, म्हणजे गाणी-विनोद-नकला अशा मिश्र करमणुकीच्या, खेळात एकटा येऊ शके, परंतु अख्खा बँड येऊ शकत नसे. १९४९ मध्ये सिडनी बेशे लंडनमध्ये वाजवून गेले, तेव्हा आयोजकांना न्यायालयात उभे राहून दंड भरावा लागला. ही कोंडी १९५६ मध्ये फुटली, तीही अदलाबदलीच्या तत्त्वावर : टेड हीथ यांचा बँड अमेरिकेला गेला आणि त्याच्या बदल्यात स्टॅन केंटन यांचा बँड ब्रिटनला आला. त्याच वर्षी मे महिन्यात लुई आर्मस्ट्राँग आपल्या बँडसह येऊन गेले. याचा अर्थ असा की दोन दशके ब्रिटिश रसिकांनी अमेरिकी जॅझ बँड ऐकले ते तबकड्यांवर, आणि समोर बसून जे ऐकले ते त्याच तबकड्या घोटून तयार झालेल्या स्थानिक हौशी वादकांचे. लिव्हरपूलच्या परिसरात १९४९ पासून वाजवणारा मर्सिसिपी जॅझ बँड हा याच घडणीचा.

स्किफल हा प्रकारही जॅझच्याच पोटातून निघाला, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. ख्रिस बार्बर यांच्या जॅझ बँडमध्ये लॉनी डॉनेगन बँजो वाजवत असत. फुंकवाद्ये वाजवणाऱ्यांचे ओठ दमले की त्यांना उसंत मिळावी म्हणून डॉनेगन आणि आणखी एकदोघे मिळून गिटार, डबल बेस आणि कपडे धुण्याचा पत्र्याचा वॉशबोर्ड यांवर अमेरिकी लोकगीते म्हणत; हेच स्किफल. बार्बर यांच्या १९५४ च्या ध्वनिमुद्रण-सत्रात असेच म्हटलेले ‘रॉक आयलंड लाइन’ १९५६ च्या आरंभी तबकडीवर तुफान खपले आणि देशभरातल्या शाळकरी मुलांनी गिटारी मिळवल्या. त्याच नोव्हेंबरमध्ये डॉनेगन लिव्हरपूलच्या एम्पायर नाट्यगृहात आले, तेव्हा श्रोत्यांत पुढे बीटल्समध्ये वाजवणारा तेरा वर्षांचा जॉर्ज हॅरिसन होता.

पुढच्या दीड वर्षात दोन अमेरिकी कार्यक्रम शहरात झाले. २० फेब्रुवारी १९५७ रोजी बिल हेली आणि त्यांचे कॉमेट्स लंडन रोडवरच्या ओडियन चित्रपटगृहात आले. पॉल मॅकार्टनी यांनी त्या तिकिटासाठी २४ शिलिंग जमवल्याची आठवण पुढे सांगितली आहे. त्यांच्या मित्रांपैकी दुसऱ्या कोणाला तेवढी रक्कम जमवता आली नव्हती. २० मार्च १९५८ रोजी बडी हॉली आणि क्रिकेट्स होप स्ट्रीटवरच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये आले. एरवी सिंफनी वाजणाऱ्या त्या भारदस्त सभागृहात त्या दिवशी रंगमंचावर फक्त तिघे जण होते : गिटार, बेस आणि ड्रम. तेवढ्या सामग्रीवर पूर्ण कार्यक्रम उभा राहतो, हे तिथे बसलेल्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. हेलींच्या थाटाच्या बँडपेक्षा या तिघांचे उदाहरण लिव्हरपूलच्या मुलांना अधिक जवळचे वाटले असणार, असे मला वाटते, कारण ते त्यांच्या आवाक्यातले होते.

आता कॅव्हर्नविषयी. अ‍ॅलन सिटनर हा डॉक्टरांचा विशीतला मुलगा जॅझचा वेडा होता. पॅरिसमध्ये त्याने काव्हो द ला ह्युशेत हे तळघरातले जॅझघर पाहिले होते आणि तसेच काही आपल्या शहरात असावे या ध्यासाने त्याने मॅथ्यू स्ट्रीटवरच्या एका गोदामाचे तळघर घेतले. युद्धकाळात ते हवाई हल्ल्यांपासून आसरा म्हणून वापरात होते. १६ जानेवारी १९५७ रोजी क्लब सुरू झाला, त्या रात्री मर्सिसिपी जॅझ बँड वाजला आणि शेकडो लोकांना जागेअभावी बाहेरूनच परतावे लागले. दगडी पायऱ्या उतरून खाली गेले की विटांच्या कमानींचे तीन समांतर बोगदे लागत. मधल्या बोगद्याच्या टोकाला लहानसा मंच आणि त्याच्यासमोर लाकडी खुर्च्यांच्या रांगा होत्या. नाचायचे असेल तर बाजूच्या बोगद्यांत जावे लागे. वारा खेळायला वाव नसल्याने गर्दी झाली की भिंतींवरून पाणी ओघळे, छताच्या चुन्याचे पोपडे केसांवर व खांद्यांवर पडत, आणि घाम, जंतुनाशक व शेजारच्या फळांच्या वखारींतून येणारा नासक्या फळांचा दर्प यांचे मिश्रण घरी गेल्यावरही कपड्यांतून जात नसे. मद्यविक्रीचा परवाना नव्हता. कॉफी, सरबते, सूप आणि हॉट डॉग एवढेच मिळे.

सिटनर यांनी जॅझच्या मध्यंतरात स्किफल वाजवू दिले आणि नेमक्या त्याच फटीतून रॉक अँड रोल आत आले. ७ ऑगस्ट १९५७ रोजी क्वॉरीमेन हा मुलांचा चमू, ज्यातून पुढे बीटल्स घडले, स्किफल वाजवायला आला. पॉल मॅकार्टनी तेव्हा स्काउटच्या शिबिराला गेला होता. जॉन लेनन यांनी एल्व्हिस प्रेस्लीची गाणी सुरू करताच सिटनर यांनी मंचावर चिठ्ठी पाठवून ते ताबडतोब थांबवण्यास सांगितले. जानेवारी १९६० मध्ये तर याहून कठीण प्रसंग आला. रोरी स्टॉर्म आणि हरिकेन्स जॅझच्या कार्यक्रमात पूरक म्हणून वाजवत होते. स्किफलची एकदोन गाणी शिस्तीत झाल्यावर त्यांनी जेरी ली लुईस यांचे गाजलेले गाणे काढले. श्रोत्यांनी हुर्यो उडवलीच, शिवाय मंचावर तांब्याच्या नाण्यांचा मारा केला. क्लबने चमूला सहा शिलिंग दंड ठोठावला. चमूतल्या मुलांनी मात्र मंचावरची नाणी वेचली आणि ती दंडाच्या रकमेपेक्षा जास्त भरली.

तोवर क्लबची मालकी बदलली होती. सिटनर कुटुंबाचे हिशेब पाहणारे रे मॅकफॉल यांनी १९५९ मध्ये तो विकत घेतला. मॅकफॉल स्वतः जॅझचे चाहते होते, पण पेशाने हिशेबनीस होते, आणि माझ्या दृष्टीने या संपूर्ण कहाणीतली कळीची व्यक्ती तेच आहेत. २५ मे १९६० रोजी त्यांनी पहिली ‘बीट नाइट’, म्हणजे गिटार-ड्रमवर रॉक अँड रोल वाजवणाऱ्या चमूंची रात्र, ठेवली, आणि नाण्यांचा मारा सोसलेले तेच रोरी स्टॉर्म अवघ्या चार महिन्यांनी त्याच मंचावर मानाने उभे राहिले. मॅकफॉल यांनी दुपारच्या कार्यक्रमांवरही भर दिला. मॅथ्यू स्ट्रीट शहराच्या व्यापारी भागात आहे. विमा कंपन्या, बँका, जहाज कंपन्या, दुकाने यांत काम करणारी तरुण मुले-मुली जेवणाच्या सुटीत एक-दीड शिलिंगात खाली उतरत, सूप पीत, गाणी ऐकत आणि टंकलेखन यंत्रांपुढे परत जात. संध्याकाळचा जॅझ-श्रोता त्या वेळी तिथे नसल्याने नाणी फेकणारेही कोणी नव्हते. ९ फेब्रुवारी १९६१ रोजी लेनन आणि त्यांचे साथीदार बीटल्स या नावाने प्रथम कॅव्हर्नमध्ये वाजले ते अशाच दुपारी.

जाणकारांनी यात भर घालावी, आणि मतभेद असल्यास तेही मांडावेत.

दर्यावर्दी

लेख आवडला, परंतु बंदराचा उल्लेख इतका ओझरता का? लिव्हरपूलमधली शेकडो माणसे क्युनार्ड कंपनीच्या जहाजांवर खलाशी, वाढपी, आचारी म्हणून काम करत आणि न्यूयॉर्कच्या फेऱ्यांतून तबकड्या, कपडे, गिटारी घेऊन येत. शहरात त्यांना ‘क्युनार्ड यँक्स’ म्हणत. त्यांच्या घरी आलेल्या तबकड्या शेजारपाजारच्या मुलांनी ऐकल्या आणि म्हणून देशातल्या इतर शहरांना जे ठाऊक नव्हते ते लिव्हरपूलला आधी कळले, असे आम्ही समजत आलो आहोत. मी स्वतः अनेक वर्षे व्यापारी जहाजांवर नोकरी केलेली आहे. बंदरावर उतरताना कोणाच्या पेटीत काय असते आणि ते घरोघरी कसे पोहोचते, हे मी चांगले जाणतो. तळघरांच्या हिशेबवह्यांना आपण दिलेले महत्त्व मला काहीसे अधिक वाटते.

मंद्रसप्तक (धागालेखक)

दर्यावर्दी, आपला मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्यातला गिटारींचा भाग मला पूर्ण मान्य आहे. जॉर्ज हॅरिसन यांनी १९६१ मध्ये घेतलेली ग्रेच कंपनीची गिटार एका खलाशानेच अमेरिकेहून आणली होती. तबकड्यांच्या बाबतीत मात्र मी जरा हात राखून बोलेन. चक बेरी, लिटल रिचर्ड, जेरी ली लुईस यांची ध्वनिमुद्रणे डेक्काच्या ‘लंडन’ या छापावर ब्रिटनमध्ये रीतसर निघत होती, आणि रेडिओ लक्झेंबर्ग रात्री देशभर ऐकू येत असे. लिव्हरपूलमधल्या चमूंच्या तेव्हाच्या कार्यक्रमांतली बहुसंख्य गाणी अशा ब्रिटिश तबकड्यांवरून उचललेली आहेत. पुढे बीटल्सचे व्यवस्थापक झालेले ब्रायन एपस्टाइन यांचे लिव्हरपूलच्या व्हाइटचॅपल रस्त्यावरचे दुकान तर मागाल ती तबकडी मागवून देण्याबद्दल प्रसिद्ध होते, आणि ते कॅव्हर्नपासून चार पावलांवर होते.

शिवाय साउदॅम्प्टन हे क्युनार्डच्या सर्वांत मोठ्या जहाजांचे बंदर असूनही तिथे असे काही घडले नाही. खलाशांनी माल आणला, हे खरे. पण तो वाजवून दाखवायला जी जागा, जो ठरलेला वार आणि जो रोजचा श्रोता लागतो, तो लिव्हरपूलला जॅझवाल्यांनी तयार करून दिला होता. माझा भर त्यावर आहे.

तालमापक

ध्वनीच्या अंगाने थोडी भर घालतो, कारण या विषयावर बोलताना आवाज कसा होता हेच बहुतेक वेळा राहून जाते.

बडी हॉली यांच्या हातातली फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही बहुतेक श्रोत्यांनी प्रत्यक्षात पाहिलेली पहिलीच असणार, कारण १९५९ पर्यंत अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते. स्थानिक मुले स्वस्तातल्या युरोपीय गिटारींवर भागवत आणि अ‍ॅम्प्लिफायर म्हणून जे मिळेल ते वापरत. जॅझच्या बँडला तळघरात ध्वनिवर्धनाची फारशी गरज भासत नसे; ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन विटांच्या कमानीत आपल्या बळावर भरून राहत. गिटारींना मात्र वीज लागे. ओलाव्यामुळे कॅव्हर्नमध्ये फ्यूज वारंवार उडत आणि वादकांना अंधारात गप्पा मारून किंवा नुसत्या गळ्यावर श्रोत्यांना धरून ठेवावे लागे. बिग थ्री या चमूचे अ‍ॅड्रियन बार्बर यांनी तर ध्वनिवर्धकांच्या उंच लाकडी पेट्या स्वतः बनवल्या, ज्यांना त्यांच्या आकारामुळे सगळे ‘कॉफिन’, म्हणजे शवपेट्या, म्हणत. त्यांतून निघणारा खर्जाचा ठोका त्या लांबट बोगद्यात छातीवर आदळत असे. लिव्हरपूलच्या चमूंचा तो भरीव, ठोकेबाज आवाज या खोलीत घडला, असे माझे मत आहे. लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहांत तो पकडायला बराच काळ जावा लागला आणि बिग थ्रीच्या बाबतीत तो कधीच नीट पकडला गेला नाही, याची हळहळ वाटते.

धागालेखकांनी १९६० च्या वसंतातले दोन कार्यक्रम वगळले आहेत, ते येथे नोंदवतो. मार्च १९६० मध्ये एडी कॉक्रन आणि जीन व्हिन्सेंट या अमेरिकी रॉक अँड रोल गायकांनी एम्पायरमध्ये आठवडाभर खेळ केले. ते पाहून अ‍ॅलन विल्यम्स या स्थानिक कॉफीगृहाच्या मालकाने लंडनचे कार्यक्रम-आयोजक लॅरी पार्न्स यांच्याशी बोलणी करून ३ मे रोजी लिव्हरपूल स्टेडियममध्ये मोठा कार्यक्रम ठरवला. हे स्टेडियम मुष्टियुद्धाचे होते. दरम्यान १७ एप्रिल रोजी कॉक्रन यांचे मोटार अपघातात निधन झाले आणि त्याच अपघातात व्हिन्सेंट जखमी झाले. कार्यक्रम रद्द न करता विल्यम्स यांनी रिकाम्या जागी स्थानिक चमू घातले : रोरी स्टॉर्म, जेरी अँड द पेसमेकर्स, कॅस अँड द कॅसानोव्हाज. शहरातल्या मुलांनी लंडन-अमेरिकेच्या कलावंतांच्या बरोबरीने एवढ्या मोठ्या जमावापुढे वाजवण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. कॅव्हर्नची पहिली बीट नाइट त्यानंतर तीन आठवड्यांनी झाली. मॅकफॉल यांच्या निर्णयामागे हा कार्यक्रम असणार, असे दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या की वाटते.

उत्तररात्र

मी मूळ प्रतिपादनाशी असहमत आहे आणि कारणेही देतो.

रॉक अँड रोल जॅझच्या छपराखाली वाढले म्हणणे कॅव्हर्नपुरते ठीक आहे. परंतु १९५८ ते १९६० या काळात लिव्हरपूलची खरी रॉक अँड रोल सभागृहे उपनगरांत होती. लिदरलंडचा टाउन हॉल, एन्ट्री इन्स्टिट्यूट, वॉलसीची ग्रोव्हनर बॉलरूम, या ठिकाणी आठवड्यातून ठरावीक रात्री तरुणांचे नाच होत आणि तिथे जॅझचा मागमूसही नसे. जर्मनीतल्या हँबर्गमध्ये काही महिने वाजवून परतलेल्या बीटल्सनी श्रोत्यांना पहिल्यांदा खऱ्या अर्थाने झपाटले ते २७ डिसेंबर १९६० रोजी लिदरलंडमध्ये. कॅव्हर्नची ती दुपार त्यानंतर सहा आठवड्यांनी आली. कामगार वस्तीतल्या मुलांनी भाड्याच्या सभागृहांत जे उभे केले, त्याचे श्रेय शहराच्या मध्यभागातल्या सुशिक्षित जॅझप्रेमींना देणे मला अन्यायकारक वाटते. जॅझच्या श्रोत्यांनी नाणी फेकली, सिटनर यांनी चिठ्ठी पाठवली, ही उदाहरणे आपणच दिली आहेत. ज्याने दार लावून घेतले त्याला यजमान कसे म्हणावे?

मंद्रसप्तक (धागालेखक)

उत्तररात्र, उपनगरांतल्या सभागृहांचा मुद्दा आपण उपस्थित केलात, हे फार चांगले झाले. लिदरलंडच्या त्या रात्रीचे महत्त्व निर्विवाद आहे. पण त्या जागांचे स्वरूपही पाहू. ती नाचाची सभागृहे होती आणि एका रात्रीपुरती भाड्याने घेतली जात. मारामाऱ्या होत, दारावर धिप्पाड माणसे ठेवावी लागत. वॉलसीच्या ग्रोव्हनर बॉलरूममधले असे नाच १९६० च्या उन्हाळ्यात रहिवाशांच्या तक्रारींमुळे बंद पाडण्यात आले. तिथला श्रोता नाचायला येई, आणि गाण्याकडे त्याचे लक्ष जेवढ्यास तेवढे असे.

जॅझ क्लबाची रीत निराळी होती. सभासदत्व असे, मंचासमोर खुर्च्या असत आणि येणारा माणूस बसून, कान देऊन ऐकणारा असे. आपल्याकडच्या खासगी बैठकीतल्या दर्दी श्रोत्यांशी त्याचे बरेच साम्य होते. त्याच खुर्च्यांवर दुपारी कचेरीतल्या मुली येऊन बसल्या. समोरासमोर, हातभर अंतरावर, आठवड्यातून अनेकदा तेच चेहरे दिसत असल्याने चमूंना तीच ती गाणी म्हणून भागेनासे झाले. ते तबकड्यांच्या मागच्या बाजूची अनोळखी गाणी शोधू लागले आणि पुढे स्वतःची रचू लागले. बीटल्सनी ऑगस्ट १९६३ पर्यंत तिथे पावणेतीनशेच्या आसपास कार्यक्रम केले. भाड्याच्या सभागृहांतून एवढा एकाच जागचा सराव घडणे शक्य नव्हते.

दोन्ही जगांना जोडणारा माणूसही एकच होता, तो म्हणजे बॉब वूलर. रेल्वेत कारकुनी करणारे हे गृहस्थ उपनगरांतल्या नाचांचे निवेदन करत. लिदरलंडचा तो कार्यक्रम बीटल्सना त्यांनीच मिळवून दिला, आणि पुढे कॅव्हर्नच्या दुपारच्या कार्यक्रमांचे निवेदकही तेच झाले.

यजमानपणाविषयी म्हणाल, तर मॅकफॉल यांनी जॅझ एका रात्रीत बंद केला नाही. २५ ऑगस्ट १९६१ रोजी क्लबने मर्सी नदीतल्या रॉयल आयरिस या फेरीबोटीवर संगीताची जलसफर काढली. एका बाजूला अ‍ॅकर बिल्क यांचा पॅरामाउंट जॅझ बँड आणि दुसऱ्या बाजूला बीटल्स, एकाच बोटीवर, एकाच तिकिटात! पारंपरिक जॅझ तेव्हा देशभर लोकप्रियतेच्या शिखरावर होता आणि त्या जाहिरातीत बिल्क हेच मोठे नाव होते. ‘ब्लूजीन्स’ हा चमू तर बँजो घेऊन जॅझ व स्किफल वाजवत असे. कॅव्हर्नमध्ये मंगळवारची रात्र त्यांची होती. त्यांच्याच पाहुण्यांच्या यादीत २१ मार्च १९६१ रोजी बीटल्सना संध्याकाळचा पहिला कार्यक्रम मिळाला. आपले श्रोते पाहुण्यांकडे वळलेले पाहून ब्लूजीन्स नाराज झाले, पण थोड्याच काळात त्यांनी बँजो बाजूला ठेवला, स्विंगिंग ब्लू जीन्स या नावाने बीट संगीत वाजवू लागले आणि देशभर गाजले. एका चमूच्या अंगावर ही सगळी वाटचाल स्पष्ट दिसते.

जाईजुई

या चर्चेत अजून एकाही स्त्रीचे नाव आलेले नाही, म्हणून लिहिते.

मोना बेस्ट यांचा जन्म दिल्लीचा. त्यांचा मुलगा पीट, जो पुढे बीटल्सचा ड्रमवादक झाला, मद्रासला १९४१ मध्ये जन्मला. युद्ध संपल्यावर हे कुटुंब जॉर्जिक या सैनिकांना परत नेणाऱ्या जहाजाने भारत सोडून निघाले आणि १९४५ च्या नाताळात लिव्हरपूलला पोहोचले. १९५४ च्या डर्बी शर्यतीत मोना यांनी नेव्हर से डाय या घोड्यावर पैसे लावले. तेहतीसास एक या भावाने लागलेल्या घोड्यावरचा जॉकी होता अठरा वर्षांचा लेस्टर पिगट. पुढे वेस्ट डर्बीतल्या हेमन्स ग्रीन येथे त्यांनी मोठे घर घेतले आणि २९ ऑगस्ट १९५९ रोजी त्याच्या तळघरात मुलांसाठी कॅस्बा कॉफी क्लब सुरू केला. उद्‌घाटनाला क्वॉरीमेन वाजले. लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन यांनी तिथल्या भिंती-छते रंगवण्यास हातभार लावला होता.

मला या घटनेचे महत्त्व असे वाटते की कॅव्हर्नमध्ये रॉक अँड रोलला मज्जाव असतानाच्या काळात एका गृहिणीने ते आपल्या घराच्या पोटात सन्मानाने वाजू दिले. तिने जॅझवाल्यांची परवानगी मागितली नाही आणि नाचाच्या सभागृहांची दांडगाईही आत येऊ दिली नाही. बीटल्सना दुपारी घ्यावे म्हणून कॅव्हर्नकडे शब्द टाकणाऱ्यांतही त्या होत्या. मंद्रसप्तक यांच्या मांडणीत मॅकफॉल कळीचे आहेत. माझ्या मांडणीत मोनाबाईंना त्यांच्याआधी मान द्यावा लागेल.

आणखी एक गोष्ट. दुपारी येणाऱ्या टंकलेखिका आणि दुकानातल्या विक्रेत्या मुली यांना बहुतेक लेखक निव्वळ किंचाळणारा घोळका म्हणून मोकळे होतात. त्यांनी कोणत्या चमूला परत बोलवायचे आणि कोणाला नाही, हे दर आठवड्याला आपल्या शिलिंगांनी ठरवले. कॅव्हर्नमध्ये कोट सांभाळण्याचे काम करणारी प्रिसिला व्हाइट ही अशीच एक कचेरीतली मुलगी; चमूंबरोबर अधूनमधून गात गात ती सिला ब्लॅक या नावाने देशातल्या आघाडीच्या गायिकांत जाऊन बसली.

पाऊलवाट

लिव्हरपूलच्या कृष्णवर्णीय वस्तीचा उल्लेख केल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. टॉक्सटेथ भागात आफ्रिकी व कॅरिबियन खलाशांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली होती आणि तिथे त्यांचे स्वतःचे क्लब होते. ट्रिनिदादहून आलेले हॅरल्ड फिलिप्स, ज्यांना सगळे लॉर्ड वुडबाइन म्हणत, हे अ‍ॅलन विल्यम्स यांचे भागीदार होते. विल्यम्स यांच्या स्लेटर स्ट्रीटवरच्या जाकारांडा कॉफीगृहात कॅरिबियन स्टील बँड वाजत असे. तो बँड सुटीवर असला की तिथे लेनन आणि त्यांच्या साथीदारांना वाजवायला मिळे. ऑगस्ट १९६० मध्ये बीटल्स हँबर्गला गेले, तेव्हा त्या गाडीत विल्यम्स यांच्याबरोबर वुडबाइनही होते.

त्याच वस्तीतल्या पाच कृष्णवर्णीय तरुणांचा ‘चँट्स’ हा गायकवृंद नोव्हेंबर १९६२ मध्ये कॅव्हर्नमध्ये गायला, तेव्हा त्यांच्याकडे साथीदार नसल्याने बीटल्सनी स्वतः मागे उभे राहून साथ केली. त्यांचे सूर ऐकलेले लोक आजही त्यांची वाखाणणी करतात. पण खूप खपलेली तबकडी त्यांच्या वाट्याला आली नाही. शहराच्या मध्यभागातले अनेक नाचघर-मालक कृष्णवर्णीय तरुणांना दारातूनच परत पाठवत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागचे एक कारण कळते. अमेरिकी कृष्णवर्णीयांचे संगीत तळघरात वाजत होते, आणि शहरातल्या कृष्णवर्णीयांना मात्र त्या भागात मोकळेपणाने वावरता येत नव्हते. मूळ लेखातले ‘छप्पर’ सर्वांच्या डोक्यावर नव्हते, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

दर्यावर्दी

पाऊलवाट आणि जाईजुई, दोघांचेही मनापासून आभार. मंद्रसप्तक, आपल्या साउदॅम्प्टनच्या युक्तिवादावर विचार करतो आहे. मिडिया आणि पार्थिया यांसारखी क्युनार्डची जहाजे लिव्हरपूल-न्यूयॉर्क मार्गावर त्या काळातही नियमित होती, एवढी भर घालतो. मॅकफॉल यांचा हिशेब शेवटी जुळला का, हे मात्र जाणून घ्यायला आवडेल.

मंद्रसप्तक (धागालेखक)

जुळला नाही. बीटल्स तिथे वाजवू लागल्यानंतरच्या तीनेक वर्षांत क्लबचे नाव जगभर झाले, पण त्याच यशाने त्याचा पाया पोखरला. नावारूपाला आलेले चमू लंडनला गेले आणि उरलेल्यांचे मानधन वाढले. खोलीत मावणाऱ्या माणसांची संख्या तेवढीच राहिली, आणि मद्याचा परवाना नसल्याने कॉफी-सूपच्या विक्रीतून तूट भरून निघणे शक्य नव्हते. त्यात सांडपाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था सदोष असल्याचे निघाले आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च मॅकफॉल यांच्या आवाक्याबाहेरचा होता. फेब्रुवारी १९६६ च्या अखेरीस क्लबला दिवाळखोरीत टाळे लागले. तरुणांनी आतून अडसर घालून जप्तीदारांना काही काळ रोखून धरले होते. नव्या मालकांनी तो जुलैत पुन्हा उघडला, तेव्हा उद्‌घाटनाला पंतप्रधान हॅरल्ड विल्सन आले; त्यांचा मतदारसंघ शेजारचाच, हायटनचा.

१९७३ च्या मे महिन्यात भुयारी रेल्वेच्या वायुवीजनासाठी जागा हवी म्हणून मूळ क्लब बंद करण्यात आला आणि वरचे गोदाम पाडून तळघर बुजवले गेले. ते वायुवीजनाचे काम पुढे तिथे झालेच नाही. आज जो कॅव्हर्न पाहायला मिळतो, तो १९८४ मध्ये जुन्या विटांपैकी हजारो विटा वापरून, मूळ जागेचा बराचसा भाग व्यापून पुन्हा बांधलेला आहे.

पाऊलवाट यांच्या प्रतिसादामुळे टॉक्सटेथमधल्या क्लबांवर स्वतंत्र धागा काढावा असे वाटू लागले आहे. आपण तो सुरू केलात, तर लॉर्ड वुडबाइन यांच्यापासून प्रारंभ व्हावा.